‘इनिशिएटिव्ह रोल करा’ म्हटलं की टेबल थंड पडतं: कारणं आणि तपासण्या

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या, पात्रं वठवायच्या खेळात गावातला प्रसंग छान रंगलेला असतो. सराईच्या मालकाशी घासाघीस चालू असते, बार्ड कुणाची तरी खोटी वंशावळ रचत असतो, चौघं एकदम बोलत असतात. मग झाडीतून गॉब्लिन बाहेर येतात, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा, मागतो आणि वीस मिनिटांत दोघांचे मोबाइल बाहेर, एक जण चहा टाकायला स्वयंपाकघरात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीवर चालणाऱ्या टेबलांचा हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे, आणि तो दुरुस्त होतो.

खाली दिलेले आकडे २०१४च्या नियमांतले आहेत. त्या नियमांचा गाभा असलेला एसआरडी ५.१ हा दस्तऐवज जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो, त्यामुळे त्यातले बहुतेक प्रत्येकाला ताडून पाहता येतील. २०२४च्या सुधारित नियमांत काही मॉन्स्टरांचे आकडे बदलले आहेत, पण तपासण्यांचा क्रम तोच राहतो.

लक्षणं

टर्न (पाळी) आला की खेळाडू विचारतो, "थांब, आत्ता काय झालं? कोण कुठे आहे?" दर टर्नला तोच वाक्प्रयोग: "अटॅक करतो." दुसऱ्या-तिसऱ्या राउंडलाच (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) कोण जिंकणार ते कळलेलं असतं, तरी शेवटचे दोन गॉब्लिन मारण्यात आणखी अर्धा तास जातो. फासे बहुतेक वेळ डीएमच्याच हातात दिसतात. कुणाचं कॅरेक्टर बेशुद्ध किंवा जखडलेलं असेल तर तो खेळाडू खोलीतूनच उठून जातो. तीन तासांच्या सेशनमध्ये एकच लढाई होते आणि गोष्ट जिथे होती तिथेच राहते. यातली तीन लक्षणं जुळली तर पुढे वाचा. एकच जुळत असेल आणि तेही एकाच खेळाडूच्या बाबतीत, तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिला दोष नेहमी खेळाडूंवर ढकलला जातो: यांचं लक्षच नसतं. मग मोबाइलबंदी येते, आणि लोक मोबाइलऐवजी छताकडे बघू लागतात. खरा प्रश्न असा विचारायचा की ज्याचा टर्न नाही त्याच्या हाताला नियम काय काम देतात? या आवृत्तीत जवळजवळ काहीच नाही. टर्नमध्ये चाल, अॅक्शन आणि जमल्यास बोनस अॅक्शन. टर्नबाहेर फक्त एक रिअॅक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला झटपट उत्तर, तीही बहुतेक कॅरेक्टरांना क्वचित वापरता येते. नियमच वाट बघायला लावतात, आणि वाट किती लांब ते टेबलावर ठरतं.

त्या वाटेच्या शेवटी काय मिळतं तेही बघा. पहिल्या लेव्हलच्या फायटरचा वार +५, म्हणजे फाशाच्या आकड्यात ५ मिळवायचे. गॉब्लिनचा आर्मर क्लास, म्हणजे एसी, १५; बेरीज तेवढी झाली की वार लागतो. वार लागायला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) १० किंवा वर हवा, म्हणजे ५५ टक्के. सुरुवातीचे सलग दोन्ही वार चुकण्याची शक्यता जवळपास २० टक्के. पाच खेळाडू असतील आणि प्रत्येकाला टर्नला एकच वार असेल, तर त्यांतल्या किमान एकाचे पहिले दोन्ही टर्न फुकट जाण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. तीनपैकी दोन लढायांत कुणीतरी एक जण दोनदा वाट बघतो, दोनदा फासा टाकतो आणि दोन्ही वेळा "नाही लागला" ऐकतो. त्याला आळशी म्हणण्याआधी हे गणित डोळ्यांसमोर असू द्या.

तपासणी १: घड्याळ लावा (खर्च शून्य)

एका लढाईपुरता मोबाइलचा स्टॉपवॉच लावा आणि दोनच गोष्टी कागदावर लिहा: प्रत्येकाचा टर्न किती चालला, आणि एकाच खेळाडूच्या दोन टर्नमध्ये किती वेळ गेला. डीएमचा वेळही मोजायचा. अंदाजाने लिहू नका, डीएमला स्वतःचा वेळ नेहमी कमी वाटतो.

नमुना असा. पाच खेळाडू, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे १५. सहा गॉब्लिन, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे ६. राउंड २१ मिनिटांचा. प्रत्येक खेळाडू तीन मिनिटं खेळतो आणि १८ मिनिटं बसून राहतो. चार राउंड चालले तर ८४ मिनिटं, तीन तासांच्या सेशनचा जवळजवळ अर्धा भाग.

हे मोजल्याशिवाय पुढची एकही दुरुस्ती करू नका, कारण कुठल्या दुरुस्तीची गरज आहे ते हाच कागद सांगतो. डीएमचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असेल तर चौथी तपासणी आधी करा. एकाच खेळाडूचा टर्न इतरांच्या दुप्पट असेल तर तिसरी. टर्न आटोपशीर पण राउंड पाच-सहाच्या वर जात असतील तर सहावी आणि सातवी. गाठायचं लक्ष्य: पाच खेळाडूंचा राउंड आठ मिनिटांत.

तपासणी २: क्रम सगळ्यांना दिसतो का?

इनिशिएटिव्हचा क्रम डीएमच्या वहीत असेल तर खेळाडूला आपली पाळी कधी येणार ते कळत नाही, आणि कळत नाही तोवर तो विचार सुरू करत नाही. म्हणजे विचाराची तीन मिनिटं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खर्च होतात. जाड कागदाच्या पट्ट्या कापा, मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंना नाव लिहा आणि क्रमाने डीएमच्या स्क्रीनवर (कागद झाकायला समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यावर) अडकवा. डीएमकडच्या बाजूला नावाखाली एसी आणि पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता काय लक्षात येतं तो आकडा) लिहून ठेवलं की "तुझा एसी किती?" हा दर वाराला येणारा प्रश्नही जातो.

टर्न पुकारताना दोन नावं घ्यायची: "क्लेरिक, तुझा टर्न. विझर्ड, तुझा पुढचा, ठरवून ठेव." एवढ्याशा सवयीने सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि ती सगळ्यात आधी सुटते. पहिली दोन-तीन सेशन्स पुकारायचं काम एखाद्या खेळाडूकडेच द्या.

एकाच जातीच्या मॉन्स्टरांसाठी इनिशिएटिव्ह एकदाच टाकायचा असतो, नियमच तसं सांगतात. तरी सहा गॉब्लिनांसाठी सहा वेळा फासा टाकणारी टेबलं आहेत. मात्र इथे एक खाच आहे. सहाही गॉब्लिन एकदम खेळले तर एक तर सलग सहा मिनिटं डीएमची मक्तेदारी, आणि दुसरं म्हणजे सगळे एकावर तुटून पडतात. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट (जिवाचा साठा) आठच्या आसपास, गॉब्लिनचा वार सरासरी ५. दोन लागले की तो आडवा, एकदाही टर्न न मिळता. म्हणून तीन-तीनचे दोन गट करा आणि क्रमात लांब लांब ठेवा.

तपासणी ३: खेळाडूचा टर्न

वाराचा डी२० आणि इजेचा फासा एकदम टाकायचा. वार लागला नाही तर इजेचा आकडा सोडून द्यायचा. दोन हल्ले असतील तर दोन रंगांचे जोड: लाल डी२०बरोबर लाल डी८, निळ्याबरोबर निळा. सात फाशांचे दोन सेट असले की भागतं. टर्नला तीस-चाळीस सेकंद वाचतात आणि पाच जणांचे मिळून तीन मिनिटं.

जादूगारांचं दुखणं निराळं आहे. पाचव्या लेव्हलचा, १८ इंटेलिजन्सचा विझर्ड नऊ स्पेल (मंत्र) तयार ठेवतो, वर चार कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र). तेरा पर्याय, आणि प्रत्येकाचा पल्ला, कालावधी, सेव्ह (परिणामातून वाचायचा फासा) वेगळा. तो संथ असतो कारण नियमांनी त्याच्यापुढे मेनूकार्ड ठेवलंय आणि ते दुसऱ्याच पुस्तकात छापलंय. प्रत्येक स्पेलचं एक कार्ड: वर नाव, खाली पल्ला, कुठला सेव्ह, किती फासे, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला सतत लक्ष) लागतं की नाही. पाच ओळींहून जास्त लिहू नका. लढाईत चालणारी चार-पाच कार्डं हातात, बाकी गठ्ठा बाजूला.

वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ सरसकट लावू नका. ते फक्त ठरवण्यातल्या दिरंगाईवर चालतं. बेरजेत, वाचण्यात किंवा नियम शोधण्यात वेळ जात असेल तर घड्याळाने माणूस गडबडतो आणि आणखी वेळ लागतो. नवख्या खेळाडूसमोर तर ते ठेवूच नका. त्याला दोन पर्याय सुचवा, तिसरा त्याला सुचेल तो.

नियमावरून वाद झाला तर एक मिनिट शोधायचं. नाही सापडला तर डीएम निकाल देईल, खेळ पुढे चालेल, सेशन संपल्यावर पुस्तक उघडायचं आणि खरा नियम पुढच्या वेळेपासून लागू. आधीचा निकाल मागे घेऊन राउंड उलटा फिरवू नये, त्यात वेळही जातो आणि विश्वासही.

तपासणी ४: डीएमच्या हातातले फासे कमी करा

मॉन्स्टरच्या पानावर इजेचा सरासरी आकडा फाशांच्या आधीच छापलेला असतो. गॉब्लिन ५, ओगर १३. तो थेट वापरा. नियमांना हे मान्य आहे, आणि खेळाडूंना फरक कळतही नाही.

आठ किंवा जास्त मॉन्स्टर असतील तर डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकातला झुंडीचा तक्ता काढा. वार लागायला डी२०वर १ ते ५ पुरत असेल तर प्रत्येक हल्लेखोराचा वार लागतो. ६ ते १२ लागत असेल तर दर दोघांमागे एक, १३-१४ला तिघांमागे एक, १५-१६ला चौघांमागे एक. आठ गॉब्लिन, वार +४, समोर एसी १५. हवा ११. म्हणजे चार वार लागले, प्रत्येकी ५, एकूण २०. फासा न टाकता, अर्ध्या मिनिटात. डझनभर सांगाड्यांची लढाई या तक्त्याशिवाय उभीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याहून चांगला उपाय म्हणजे बचावाचा फासा खेळाडूच्या हातात देणं. मॉन्स्टर वाराचा फासा टाकत नाही. खेळाडू डी२० टाकतो, त्यात आपल्या एसीतून १० वजा करून उरलेला आकडा मिळवतो, आणि मॉन्स्टरच्या वाराचा बोनस अधिक १२ एवढं गाठायचा प्रयत्न करतो. गॉब्लिन +४, म्हणजे १६ गाठायचे. एसी १५चा फायटर डी२०वर ५ मिळवतो, म्हणजे ११ किंवा वर आला की वार चुकवला. शक्यता आधीएवढीच, ५० टक्के. बाराच्या जागी दहा किंवा अकरा धरलंत तर खेळाडूंना नकळत सूट मिळेल, हिशोब बाराचाच बरोबर बसतो. क्रिटिकल (एरवी वाराला २० आल्यावरचा जबर घाव) उलटा होतो: खेळाडूला १ आला की मॉन्स्टरचा वार दुप्पट फाशांनी.

यात वेळ फारसा वाचत नाही. पण दुसऱ्याच्या पाळीत खेळाडू जागा राहतो, कारण फासा त्याच्या मुठीत आहे आणि तलवार त्याच्यावर येतेय. "तुला सात लागले" हे ऐकणं आणि स्वतःच्या हाताने ९ टाकून ढाल खाली जाताना बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम अनुभव घडवतो तो अशा जागी.

खेळाडूंनी बोलावलेली जनावरंही तपासा. २०१४चा कन्जर अॅनिमल्स स्पेल आठ लांडगे टेबलावर आणू शकत होता, आठांचे वार वेगळे. २०२४च्या आवृत्तीने तो स्पेलच बदलून आठ जनावरांऐवजी एकच कळप केला. जुने नियम वापरत असाल तर एकाच स्पेलमधून दोनपेक्षा जास्त जनावरं नकोत, असं ग्रुपशी आधीच बोलून ठरवा. लढाईच्या मध्यात नव्हे.

तपासणी ५: टर्न हिरावणारे परिणाम

हा भाग डीएम सगळ्यात कमी तपासतात आणि खेळाडू सगळ्यात जास्त लक्षात ठेवतात.

होल्ड पर्सन घ्या. विझ्डम सेव्ह हुकला की कॅरेक्टर जागच्या जागी लुळं, एक मिनिटापर्यंत, म्हणजे दहा राउंड. प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह. फायटरचा विझ्डम +०, समोर डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १३. सुटण्याची शक्यता ४० टक्के. एकदा अडकला की सरासरी अडीच टर्न जातात. आता पहिल्या तपासणीतला कागद काढा. राउंड २१ मिनिटांचा असेल तर हा खेळाडू सरासरी ५० मिनिटं दर टर्नला एक फासा टाकत बसणार. पुस्तकात हा दुसऱ्या लेव्हलचा साधा स्पेल आहे. त्याची खरी किंमत पुस्तकात छापलेली नाही, ती तुमच्या राउंडच्या लांबीवर ठरते.

म्हणून राउंड आठ-दहा मिनिटांच्या आत येईपर्यंत शत्रूंकडून लुळं किंवा बधिर करणारे परिणाम काढून टाका. त्यांच्या जागी टर्न अवघड करणारे पण टर्न न हिरावणारे परिणाम घाला: जाळ्यात अडकवणं, खाली पाडणं, भयभीत करणं. भयभीत कॅरेक्टरला भीतीच्या कारणाकडे सरकता येत नाही आणि ते दिसत असेतो वारांवर डिसअॅडव्हान्टेज (दोन डी२० टाकून कमी आकडा धरणं) असतो, पण मागे फिरता येतं, धनुष्य काढता येतं, साथीदाराला हाक मारता येते. खेळाडूकडे निर्णय उरतो. निर्णय उरला की तो टेबलावर राहतो.

शून्य हिट पॉइंटवर पडलेल्याचंही तसंच. डेथ सेव्हला १० किंवा वर आला की यश, तीन यशं की स्थिर, तीन अपयशं की मृत्यू. टर्नला एक फासा, बस्स. या खेळाडूला लगेच दुसरं काम द्या: उरलेल्या गॉब्लिनांचे वार त्याला टाकू द्या, हिट पॉइंटचा हिशोब त्याच्याकडे सोपवा. बहुतेक जण शत्रूचे फासे जीव ओतून टाकतात.

तपासणी ६: शत्रूचं गणित

टर्न आटोपशीर होऊनही राउंड वाढत असतील तर इथे बघा. बहुतेक डीएम हिट पॉइंट कमी करतात. बऱ्याचदा दोष एसीत असतो.

चार खेळाडू, वार +५, इजा डी८ अधिक ३, सरासरी साडेसात. समोर एक ओगर: एसी ११, हिट पॉइंट ५९. वार ७५ टक्के लागतात, साधारण अकरा वार मारावे लागतात, लढाई तीन राउंडांत संपते. आता समोर पाच हॉबगॉब्लिन ठेवा: एसी १८, प्रत्येकी ११ हिट पॉइंट, एकूण ५५. ओगरपेक्षा कमीच. पण वार ४० टक्केच लागतात, आणि ११ हिट पॉइंटच्या प्रत्येकाला जवळजवळ नेहमी दोन वार लागतात, त्यातला दुसऱ्याचा बराचसा भाग वाया. पंचवीसच्या आसपास वार, म्हणजे सहा राउंड. दुप्पट. वर डीएमचे पाच टर्न दर राउंडला, आणि धोकाही ओगरपेक्षा मोठा.

दुरुस्ती सोपी आहे. हॉबगॉब्लिनच्या एसी १८मधले दोन ढालीचे. ढाल काढून हातात धनुष्य द्या, एसी १६, वार ५० टक्के लागतात, राउंड पाचावर येतात. संख्या तीनवर आणलीत तर तीन राउंडांत लढाई संपते. खेळाडूंना ढाल नाही हे दिसतं, त्यामुळे यात फसवणूकही नाही.

लढाई चालू असताना एसी कधीच बदलू नका. दुसऱ्या राउंडपर्यंत खेळाडूंनी तो हेरलेला असतो, आणि १६ला न लागलेला वार पुढच्या राउंडला १५ला लागला की सगळ्यांना कळतं. हिट पॉइंटमध्ये मोकळीक आहे, कारण छापलेला आकडा सरासरी असतो. ओगरचे ५९ म्हणजे सात डी१० अधिक २१, म्हणजे २८पासून ९१पर्यंत काहीही. त्या मर्यादेत आकडा आधी ठरवून कागदावर लिहा. चालू लढाईत वर मात्र नेऊ नका. चांगला घाव घातलेल्या खेळाडूचं श्रेय त्यात चोरलं जातं.

तपासणी ७: लढाई संपवणारा नियम आहे का?

पाचव्या आवृत्तीत लढाई सुरू कशी होते याचे नियम आहेत, पण संपते कशी याबद्दल ठळक असं काही नाही. त्यामुळे शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत ती चालते. १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक मॉन्स्टरला मोराल (धीर) हा आकडा छापलेला असे. पहिला साथी पडला की आणि निम्मे पडले की दोन डी६ टाकायचे. मोरालपेक्षा जास्त आला की पळ किंवा शरणागती. गॉब्लिनचा मोराल ७, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे ४२ टक्के शक्यता की ते माघार घेतील. ओगरचा १०, तो सहसा हटत नाही. एका आकड्यात दोन स्वभाव उभे राहायचे.

२०१४च्या डीएम पुस्तकातही मोरालचा ऐच्छिक नियम आहे: डीसी १०चा विझ्डम सेव्ह. म्होरक्या पडला, किंवा समोरच्यांचं काहीच नुकसान न होता टोळी निम्मी झाली, की म्होरक्याने, तो पडला असेल तर टोळीतल्या दुसऱ्याने, सेव्ह टाकायचा. गॉब्लिनचा विझ्डम −१, म्हणजे निम्म्या वेळा पळतील. शेपटासारखे लांबलेले दोन-तीन राउंड यानेच कापले जातात. फक्त एक सावधगिरी. पळणाऱ्यांचा पाठलाग सुरू झाला तर वाचवलेला वेळ दुप्पट जातो. म्हणून उघड सांगा, "ते पळाले, लढाई संपली, आता तुम्ही काय करता?"

शत्रूला मारण्यापलीकडचा हेतू द्या: गाडीवरची पेटी पळवायची आहे, घंटा वाजवायची आहे, पूल तोडायचा आहे. हेतू साधला किंवा फसला की लढाई संपते, हिट पॉइंट कितीही उरोत.

बक्षीसही तपासा. मॉन्स्टर मारल्याचेच एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळत असतील तर खेळाडू प्रत्येक ओळख तलवारीने करून घेणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. १९७४च्या मूळ खेळात आणि पुढे बेसिक संचांतही एक्सपीचा मोठा वाटा खजिन्यातून यायचा, एका सोन्याच्या नाण्याला एक. त्यामुळे शहाणी टोळी लढाई टाळून पेटी उचलायची. खेळ तोच, बक्षीस वेगळं, वागणं वेगळं. तुमच्या टेबलावर वाटाघाटीला आणि चकव्यालाही मारल्याएवढेच एक्सपी द्या, किंवा एक्सपी सोडून टप्प्यांवर लेव्हल द्या.

तपासणी ८: दिवसाची बांधणी

इथून काम जड आहे. २०१४चं डीएम पुस्तक धरून चालतं की दोन लाँग रेस्टच्या (स्पेल आणि हिट पॉइंट परत देणाऱ्या रात्रीच्या झोपेच्या) मधल्या वेळात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने होतील. बहुतेक टेबलांवर सेशनला एक लढाई होते आणि रात्री सगळे झोपतात. मग प्रत्येक जण आपले सगळे स्पेल एकाच लढाईत उडवतो, लढाई फुसकी ठरते, डीएम पुढच्या वेळी शत्रू वाढवतो, लढाई लांबते. लांबलेल्या लढाईचं मूळ पुष्कळदा झोपेच्या नियमात सापडतं.

उपाय: सेशन संपलं म्हणजे दिवस संपला असं नाही. तोच दिवस तीन सेशन्स चालू द्या, आणि छोटे, दोन-तीन राउंडांचे सामने ठेवा. गोष्ट संथ, प्रवासाची असेल तर पुस्तकातला पर्याय घ्या: शॉर्ट रेस्ट (मधली छोटी विश्रांती) आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. पण हे मोहिमेच्या मध्यात एकतर्फी लादू नका. वॉरलॉक शॉर्ट रेस्टवर जगतो, विझर्ड लाँग रेस्टवर. बदलाचा भार दोघांवर सारखा पडत नाही, म्हणून सगळ्यांना विचारून, नवीन मोहिमेपासून.

तपासणी ९: खेळच चुकीचा निवडलाय का?

आठही तपासण्या करून, राउंड आठ मिनिटांत येऊनही लोक लढाईत रमत नसतील, तर त्यांना डावपेचांची लढाई नकोच आहे. मग दुरुस्ती थांबवा. १९८१पासून चालत आलेल्या कॉल ऑफ कथुलूमध्ये मनाचा तोल आकड्याने ढासळतो, आणि जखमा सहज भरत नाहीत, त्यामुळे खेळाडू दार उघडण्याआधी कान लावतात. डन्जन वर्ल्डमध्ये इनिशिएटिव्हच नाही. दोन डी६, १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ला यश पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आला की डीएमची चाल. "नाही लागला, पुढचा" असं तिथे होत नाही, प्रत्येक फाशाने काहीतरी बदलतं. इन्टू द ऑडमध्ये वार लागतो की नाही हा फासाच नाही, थेट इजा. मोहीम मोडायची गरज नाही. एका सेशनपुरती छोटी गोष्ट घ्या, तयार कॅरेक्टरं वाटा, आणि पुन्हा तोच स्टॉपवॉच लावा.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि दोन सेशन्स मोजा. तीन बदल एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. अॅक्शन, हिट पॉइंट किंवा स्पेल स्लॉट यांचे मूळ नियम स्वतः नव्याने लिहायला घेतले असतील तर तिथेच थांबा. ते एकमेकांत गुंतलेले आहेत, एक धागा ओढला की तीन क्लास (फायटर, विझर्ड असे कॅरेक्टरचे प्रकार) उसवतात. सातव्या तपासणीनंतरही कागदावरचे आकडे हलत नसतील तर अनुभवी डीएमला एक सेशन बाजूला बसून बघायला बोलवा. पैसे घेऊन टेबल चालवणारे डीएमही मिळतात. त्यांना खेळवायला नको, फक्त बघायला सांगा आणि तुमचा मोजलेला कागद हातात द्या.

काही बिघाड नियमांचे नसतातच. एकच खेळाडू दुसऱ्याचे निर्णय घेतो, एखादीला बोलूच देत नाही, खेळाच्या आडून टोमणे मारतो. यावर इनिशिएटिव्हच्या पट्ट्या चालत नाहीत. त्याच्याशी एकट्याने, टेबलापासून दूर, स्पष्ट बोला. दुसऱ्यांदा झालं तर त्याला ग्रुपमधून बाहेर काढा. एखादा प्रसंग कुणाला सोसत नसेल तर टेबलाच्या मधोमध एक्स काढलेलं कार्ड ठेवा. त्यावर बोट ठेवलं की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही.

आणि कुणी खेळ संपल्यावरही सावरत नसेल, झोप उडाली असेल, कॅरेक्टरच्या तोंडून स्वतःच्या जिवाबद्दल बोलत असेल, तर डीएमने समुपदेशक होऊ नये. त्याच्या घरच्यांपैकी किंवा जवळच्या कुणाला सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सोबत करा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. त्या दिवशी पुढचं सेशन रद्द करा आणि फोन लागेपर्यंत त्याच्याजवळ बसा.